जंतूला हट्टी कोणी केले?

क्षयरोगाचा जंतू आपण होऊन हट्टी होत नाही. त्याला हट्टी करावे लागते. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. रोगाचा दोष जंतूच्या माथी आणि रोग बरा न होण्याचा दोष रोग्याच्या माथी मारून मोकळे होण्याची आपणा सर्वांना सवय आहे. ‘औषधे वेळेवर घेतली नाहीत, मग दुसरे काय होणार?’ हे वाक्य आम्ही रुग्णांच्या घरी, इस्पितळांच्या ओसरीवर आणि चर्चच्या आवारातही कित्येकदा ऐकले आहे. परंतु गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास चाळला तर निराळेच चित्र दिसते. रोग्याने औषध का सोडले, याचे उत्तर त्याच्या स्वभावात क्वचितच सापडते. ते त्याच्या खोलीत, त्याच्या रोजंदारीत, दवाखान्याच्या वेळापत्रकात आणि त्याच्या शहराच्या रचनेत सापडते. औषधांना दाद न देणारा क्षय मुंबईसारख्या शहरांत आज हजारोंच्या घरात शिरला आहे. तो तेथवर कोणत्या वाटेने आला, हे समजून घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

राजयक्ष्मा आणि गरिबाची खोली

आपल्या पूर्वजांनी या रोगाला राजयक्ष्मा म्हटले. नावात राजा असला तरी रोगाचा मुक्काम बहुधा गरिबाच्या खोलीतच. अर्थात त्याने विद्वानांना आणि संतांनाही सोडले नाही. डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात याच रोगाने गेल्या, तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आपणा सर्वांच्या आवडीची लिझ्यूची संत तेरेसा १८९७ साली चोवीस वर्षांची असताना याच रोगाने प्रभूघरी गेली.

आनंदीबाई अमेरिकेस निघाल्या त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २४ मार्च १८८२ रोजी, रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. तोवर हा रोग रक्तातून, घराण्यातून येतो असा समज होता. आता कळले की तो माणसाकडून माणसाकडे जातो. पुढे हेही सिद्ध झाले की त्याचे वाहन हवा आहे. रोगी खोकला म्हणजे जंतू असलेले सूक्ष्म तुषार बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात. खेळती हवा त्यांना पांगवते आणि सूर्यप्रकाश त्यांना मारतो. जेथे या दोहोंचा अभाव, तेथे एकाचा खोकला साऱ्या घराचा होतो.

मुंबईला हे उशिरा का होईना, पण कळले होते. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. गिरण्यांच्या भोवती अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून कामगार दाटीने राहत होते. सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिले आणि एका नियमाचा आग्रह धरला. तो नियम साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा म्हणून ओळखला जातो. त्याचा सोपा अर्थ असा की, समोर जितकी मोकळी जागा असेल तिच्या दुपटीहून इमारत उंच असू नये. म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतूनही आकाशाचा तुकडा दिसेल.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. त्यामुळे प्रकाशाचा हा आग्रह प्लेगच्या बाबतीत फारसा कामाचा नव्हता. क्षयाच्या बाबतीत मात्र तो अचूक होता. ट्रस्टने पुष्कळ वाईटही केले. पाडलेल्या वस्त्यांतील गरिबांना पुरेशी घरे न मिळाल्याने ते शेजारच्या वस्त्यांत अधिकच दाटीने राहू लागले. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: घराच्या भिंती आणि रोग यांचे नाते या शहराला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ठाऊक होते आणि ते मोजण्याचे मापही त्याने काढले होते.

औषध आले आणि जंतू शिकला

१९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयावर परिणाम करणारे हे पहिले प्रभावी औषध. ब्रिटनमध्ये त्याची काटेकोर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध दिलेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. औषधाविना केवळ विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४ दगावले. जगभर आनंद झाला. पण पाच वर्षांनंतर त्याच रुग्णांची पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा पहिल्या गटातील ३२ आणि दुसऱ्या गटातील ३५ जण मरण पावले होते. सुरुवातीचा विजय जवळजवळ पुसला गेला होता. पुष्कळांच्या शरीरातील जंतू औषधाला सरावले होते.

हे कसे घडते? रोग्याच्या फुफ्फुसातील एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांतील काही थोडे कोणत्याही एका औषधाला जन्मतःच दाद देत नाहीत. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हे थोडके उरतात, वाढतात, पोकळी व्यापतात. शेत निंदताना मऊ तण उपटून हरळी तशीच ठेवली तर पुढच्या हंगामात साऱ्या शेतात हरळीच माजते, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. यावर उपाय सापडला तो असा की, दोन-तीन औषधे एकाच वेळी आणि दीर्घकाळ द्यावीत. एकाला न बधणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, पुढे रिफॅम्पिसिन आले आणि दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला. ही दोन्ही मुख्य औषधे ज्याच्यापुढे हतबल होतात, त्या क्षयाला आज डॉक्टर एमडीआर म्हणतात.

म्हणजे साऱ्या उपचाराचा प्राण सातत्यात आहे. आणि सातत्य ही गरिबाच्या आयुष्यातली सर्वांत दुर्मीळ वस्तू. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येते, घरातील चूल कामावर जाण्यासाठी हाक मारते. दवाखाना सकाळी उघडतो, त्याच वेळी मुकादम हजेरी घेतो. अशा वेळी माणूस कोणती रांग धरील?

आणखी एक गोष्ट. असा हट्टी जंतू एकदा तयार झाला की तो हवेतून तयार स्वरूपातच दुसऱ्याकडे जातो. मग ज्याने आयुष्यात क्षयाची एकही गोळी चुकवलेली नाही, कारण एकही घेतलेली नाही, त्यालाही पहिल्याच दिवशी एमडीआर क्षय होतो. ‘औषधे घेतली नाहीत म्हणून’ हा ठपका त्या निरपराध्यावर कसा ठेवणार?

मद्रासने दिलेला आणि अर्धाच घेतलेला धडा

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशासमोर प्रश्न होता की, लक्षावधी क्षयरोग्यांना ठेवायचे कोठे? पाचगणीची हवा किंवा मिरजेचे रुग्णालय थोड्यांच्याच वाट्याला येणार. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग उपचार केंद्र सुरू झाले. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्याचे पहिले प्रमुख. त्यांनी शहरातील दाट वस्तीतील गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये ठेवले: चांगला आहार, विश्रांती, शुश्रूषा. दुसऱ्या गटाला त्याच औषधांसह घरीच ठेवले: तोकडे अन्न, लहान खोली, कामाचा ताण. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरचे रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते आणि त्यांच्या कुटुंबीयांना रोग लागण्याचे प्रमाणही वाढले नव्हते.

या एका प्रयोगाने जगभरची सॅनिटोरियमे हळूहळू ओस पाडली. गरिबालाही घरी राहून बरे होता येते, ही केवढी मोठी आशा! पण मद्रासच्या त्या प्रयोगात औषधांबरोबर आणखी काही होते. औषध मोफत होते, रुग्णाच्या घरी जाणारे आरोग्यसेवक होते, न आलेल्याची चौकशी होती. जगाने खाटा कमी करण्याचा अर्धा धडा आनंदाने उचलला. दारी जाणाऱ्या माणसांचा अर्धा धडा महाग वाटला म्हणून सोडला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १९९२ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा निम्म्याहूनही कमी रुग्ण पूर्ण उपचार घेत असल्याचे दिसून आले.

हे केवळ गरीब देशाचे दुखणे होते, असे मात्र कोणी समजू नये. याच काळात जगातील सर्वांत श्रीमंत शहर हीच चूक अधिक मोठ्या प्रमाणावर करीत होते.

न्यू यॉर्कची काटकसर

१९७८ मध्ये न्यू यॉर्क शहरात क्षयाचे १,३०७ नवे रुग्ण नोंदले गेले. रोग संपत आला असे धरून शहराने क्षयरुग्णांच्या खाटा, दवाखाने आणि कर्मचारी कमी केले होते. १९७५ च्या सुमारास शहराची तिजोरी रिकामी झाली होती, त्यामुळे कात्री अधिकच धारदार झाली. त्याआधीच, १९७२ पासून, गरीब वस्त्यांतील अग्निशमन केंद्रे बंद करण्यास सुरुवात झाली होती. ब्रॉन्क्सच्या दक्षिण भागात रांगाच्या रांगा जळाल्या. रॉडरिक आणि डेबोरा वॉलेस या अभ्यासक दांपत्याने पुढे दाखवून दिले की, त्या आगींनी विस्थापित झालेली माणसे दुसऱ्या दाट वस्त्यांत शिरली आणि त्यांच्यामागोमाग रोगही गेले. अग्निशमनाचा बंब आणि क्षयाचा जंतू यांचा संबंध कोणाच्या स्वप्नातही आला नसता. पण शहरात सर्व गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात.

ऐंशीच्या दशकात बेघरांची संख्या वाढली. त्यांना निवारा म्हणून लष्करी कवायतीच्या प्रचंड दालनांत खाटा टाकण्यात आल्या. फोर्ट वॉशिंग्टन येथील अशा एका दालनात शेकडो पुरुष एकाच छताखाली झोपत. त्याच सुमारास एड्सची साथ आली. ज्यांची प्रतिकारशक्ती खचली होती, त्यांना क्षयाने गाठले. तुरुंग भरले, तेथेही रोग पोहोचला. १९८८ मध्ये हार्लेम येथील रुग्णालयातून औषध देऊन घरी पाठवलेल्या १७८ क्षयरुग्णांचा माग कॅरेन ब्रुडनी आणि जे डॉबकिन या डॉक्टरांनी काढला. त्यांपैकी ८९ टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण केला नव्हता. त्यांतील बहुतेकांना घरच नव्हते किंवा असले तरी धड नव्हते. ‘घरी पाठवले’ या शब्दांना तेथे काय अर्थ उरतो?

एप्रिल १९९१ मध्ये शहरातील रुग्णांच्या जंतूंची पाहणी झाली. प्रत्येक पाचांत जवळजवळ एकाचा जंतू दोन्ही मुख्य औषधांना दाद देत नव्हता. १९९२ मध्ये रुग्णसंख्या ३,८११ वर गेली, म्हणजे चौदा वर्षांत जवळजवळ तिप्पट.

मग शहर जागे झाले. क्षयरोग विभागाचे प्रमुख डॉ. थॉमस फ्रीडन यांच्या हाताखाली शेकडो कर्मचारी नेमले गेले. ते रोज रुग्णाकडे जात. तो घरी असो, निवाऱ्यात असो की पुलाखाली असो. त्यांच्या देखत गोळ्या घेतल्या जात. निवारे लहान करण्यात आले, रुग्णालयांत हवेची व्यवस्था सुधारली, तुरुंगांत तपासणी सुरू झाली. १९९४ पर्यंत रुग्ण २,९९५ वर आले आणि एमडीआर रुग्णांत तर त्याहून दुप्पट वेगाने घट झाली. या सर्वांवर शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाल्याचा अंदाज आहे. वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पटींनी अधिक. तोच जंतू, तीच औषधे. बदलली ती शहराची वागणूक. पुढे १९९६ मध्ये डॉ. फ्रीडन भारतात आले आणि सुधारित राष्ट्रीय कार्यक्रम देशभर नेण्याच्या कामात सहा वर्षे राबले. ‘डॉट्स’ हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला तो या काळात.

लिमाचा धर्मगुरू

देखरेखीखाली गोळ्या देणे पुरेसे आहे काय? या प्रश्नाचे उत्तर पेरू देशाच्या राजधानीत मिळाले आणि ते एका धर्मगुरूच्या मृत्यूतून मिळाले.

नव्वदीच्या दशकात पेरूचा क्षयरोग कार्यक्रम जगात आदर्श गणला जात होता. बॉस्टनहून आलेले फादर जॅक रूसाँ लिमा शहराच्या उत्तरेकडील कारावायो या धुळीच्या टेकड्यांवरील गरीब वस्तीत धर्मग्राम चालवीत होते. १९९५ मध्ये ते आजारी पडले, बॉस्टनला परतले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या थुंकीतील जंतू एकाही नेहमीच्या औषधाला दाद देत नव्हता. हा जंतू त्यांना कोठून मिळाला असेल? पॉल फार्मर, जिम किम आणि हाइमे बायोना या डॉक्टरांनी त्या वस्तीत शोध घेतला. तेथे असे अनेक रुग्ण निघाले. त्यांनी औषधे चुकवली नव्हती. उलट नियम तंतोतंत पाळले होते. पहिला उपचार अपयशी ठरला की त्याच औषधांत एकाची भर घालून पुन्हा तोच उपचार द्यावा, असा अधिकृत नियम होता. जी औषधे आधीच निकामी झाली होती, ती पुन्हा देऊन जंतूला नव्या औषधाचीही ओळख करून दिली गेली.

जागतिक तज्ज्ञांचे म्हणणे होते की, गरीब देशांत एमडीआर क्षयाचा उपचार परवडत नाही. १९९६ मध्ये फार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुरू केला. वस्तीतीलच स्त्रिया रोज रुग्णाच्या घरी औषध घेऊन जात. त्यांबरोबर धान्याची टोपली जाई, गरज पडल्यास घराच्या छपराची डागडुजी होई, कामासाठी लहान कर्ज मिळे. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: चार महिने वा अधिक उपचार घेतलेल्या ६६ रुग्णांपैकी ५५ बरे झाले होते, म्हणजे ८३ टक्के. श्रीमंत देशांतील इस्पितळांनाही हेवा वाटावा असे हे यश. २००० पासून जागतिक खरेदीची नवी व्यवस्था झाली आणि ज्या औषधांच्या किमतीमुळे उपचार अशक्य म्हटला जात होता, त्यांच्या किमती झपाट्याने उतरल्या. परवडत नाही हा निसर्गाचा नियम नव्हता. तो माणसांनी ठरवलेला भाव होता.

आपली मुंबई

आता आपल्या घराकडे वळू. १९९१ मध्ये धारावीतील सुमारे शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयरोग्याला कोणती औषधे द्याल, असे विचारण्यात आले. त्यांनी ८० निरनिराळ्या चिठ्ठ्या लिहिल्या. वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील १०६ खाजगी डॉक्टरांना हाच प्रश्न केला. उत्तरे ६३ प्रकारची आली. बरोबर होती केवळ सहा. कोणी म्हणेल, गरीब माणूस सरकारी दवाखाना सोडून अशा डॉक्टराकडे जातोच कशाला? तो जातो, कारण हा डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी असतो, रात्री दहापर्यंत भेटतो, रोजचा खाडा पडू देत नाही आणि नावाने हाक मारतो. पण तेथे औषध विकत घ्यावे लागते. मग खिशात जितके पैसे तितक्या दिवसांच्या गोळ्या. पैसे संपले की गोळ्या संपतात. काही आठवड्यांनी नवा डॉक्टर, नवी चिठ्ठी.

डिसेंबर २०११ मध्ये डॉ. उदवाडिया यांनी मुंबईतील चार रुग्णांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्यांचे जंतू उपलब्ध असलेल्या कोणत्याही औषधाला दाद देत नव्हते. ‘पूर्णतः औषधरोधी’ या शब्दावर सरकारने आक्षेप घेतला, जागतिक आरोग्य संघटनेनेही तो स्वीकारला नाही. शब्दाचा वाद बाजूला ठेवला तरी त्या लेखातील एक तपशील विसरण्याजोगा नाही: चारांपैकी तिघांनी अनेक खाजगी डॉक्टरांकडून तुटक, देखरेखीविना उपचार घेतले होते. सरकारी बाजूही निर्दोष नव्हती. लिमातील ती चूक, म्हणजे फसलेल्या उपचारात एक औषध मिळवून तोच पुन्हा देणे, आपल्याकडेही पुष्कळ वर्षे नियम म्हणून चालू होती. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती थांबवण्यास सांगितले.

२०१२ नंतर मुंबईत पुष्कळ सुधारणा झाल्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे काही तासांत सांगणारी यंत्रे आली. प्रत्येक रुग्णाची नोंद करणे खाजगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले. पण भिंतींचे काय?

रस्ते आणि रेल्वे रुंद करण्यासाठी या शहराने हजारो झोपड्या हलवल्या. त्यांतील पुष्कळ कुटुंबे गोवंडी-मानखुर्द परिसरातील पुनर्वसन वसाहतींत आली. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने मुंबईच्या आयआयटीच्या सहकार्याने लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींची पाहणी केली. पहिल्या दोन वसाहतींत प्रत्येक दहा-बारा घरांमागे एका घरात क्षय आढळला. खालच्या मजल्यांवर, जेथे ऊन पोहोचत नाही, तेथे धोका अधिक. इमारती पाच-सात मजली आणि दोन इमारतींमधील अंतर अवघे तीन मीटर! ऑर यांच्या मापाने तीन मीटर मोकळ्या जागेसमोर सहा मीटरची, म्हणजे दुमजली इमारत शोभली असती. गरिबांच्या पुनर्वसनासाठी बांधकामाचे नियम शिथिल करण्यात आले होते. १९१२ मध्ये जे ठाऊक होते, ते जागेचे भाव चढताच सोयीस्करपणे विसरले गेले. झोपडीला निदान दार उघडले की गल्ली होती. येथे खिडकी उघडली की समोरच्याची भिंत आणि खाली साचलेला कचरा. मग माणसे खिडकीच बंद ठेवतात.

भिंतींप्रमाणे कागदही आडवे येतात. पाटण्याची एक अठरा वर्षांची मुलगी अशा क्षयाने खंगत होती. तिला बेडाक्विलिन हे नवे औषध हवे होते. राजधानीतील ज्या थोड्या रुग्णालयांत ते मिळत होते, तेथे ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून ते नाकारण्यात आले. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये औषध मिळाले, पण फुफ्फुसांची हानी भरून निघाली नाही; ऑक्टोबर २०१८ मध्ये ती गेली. पोट भरण्यासाठी गाव सोडणाऱ्यांच्या या देशात रहिवासाचा दाखला हा कोणत्या औषधाचा घटक आहे, हे कोणी तरी सांगावे.

उपासमार हा तर या रोगाचा जुना सोबती. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना सहा महिने ते वर्षभर पुरेसे धान्य देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्यात रोग होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शासनही रुग्णाला आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देते. हे पाऊल योग्यच आहे. मात्र २०२० च्या टाळेबंदीत देशातील नोंदलेले रुग्ण आदल्या वर्षीच्या २४ लाखांवरून १८ लाखांवर आले. रोग कमी झाला नव्हता, रोगी दिसेनासे झाले होते. आणि मार्च २०२४ मध्ये नेहमीच्या औषधांचाच तुटवडा पडून राज्यांना ती स्थानिक बाजारातून घ्यावी लागली. गोळी चुकवू नको असे रुग्णाला बजावणाऱ्यांनीच गोळी चुकवली, तर बोट कोणाकडे दाखवावे?

चांगली वार्ताही आहे. मुंबईची नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा तिसिले या दोघी तरुणींनी क्षयाच्या जुन्या औषधांपायी आपली श्रवणशक्ती गमावली होती. बेडाक्विलिनच्या एकाधिकाराची मुदत वाढवू नये म्हणून त्यांनी भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये ती मान्य झाली. त्यामुळे औषध स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. दीड-दोन वर्षांच्या उपचाराऐवजी सहा महिन्यांच्या गोळ्यांचा उपचार सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या देशात मंजूर झाला. पण स्ट्रेप्टोमायसिनच्या वेळीही असाच आनंद झाला होता. नवे औषध जुन्याच अंधाऱ्या खोलीत, जुन्याच तुटक पद्धतीने दिले तर जंतू तेही शिकेल.

आपल्या उंबरठ्यावर

या इतिहासातून आम्हांला एक सरळ निष्कर्ष दिसतो. औषधाला दाद न देणारा क्षय ही तुटलेल्या सोबतीची नोंद आहे. आगीच्या बंबापासून खिडकीपर्यंत, दवाखान्याच्या वेळेपासून रहिवासाच्या दाखल्यापर्यंत, जेथे जेथे समाजाने रोग्याचा हात सोडला, तेथे तेथे जंतूने एक औषध पचवले. आणि जेथे कोणी तरी रोज दारी गेले, तेथे तो मागे हटला.

मोठी कामे शासनाची आहेत आणि ती त्याच्याकडून मागितली पाहिजेत. इमारतींतील अंतराचा प्रश्न नगरसेवकाला विचारण्यात धर्माला कमीपणा नाही. पण काही कामे आपल्या हातची आहेत. आपल्या धर्मग्रामांतही हा रोग आहे. तो ‘छातीत थोडा कफ’ या नावाने लपवला जातो, लग्नाची मुलगी असेल तर अधिकच. सुनेला रोग झाल्याचे कळताच तिला माहेरी पाठवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. माहेर दूर असले की औषध तेथेच तुटते. घरातील भांडी वेगळी करण्याची काहीच गरज नसते, कारण हा रोग ताटावाटीतून पसरत नाही. गरज असते ती खिडकी उघडी ठेवण्याची, घरातील प्रत्येकाची तपासणी करून घेण्याची आणि औषध सुरू झाल्यावर ते अखेरच्या दिवसापर्यंत चालू राहील हे पाहण्याची.

पुष्कळ धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांकडे मदतीच्या घरांची यादी असते. तिच्यात क्षयाचे औषध चालू असलेल्या घरांची भर घालावी, रुग्णाच्या संमतीने आणि गुप्तता राखून. दर आठवड्याला एकाने जावे. तांदूळ, डाळ, अंडी न्यावीत, आणि शिधा खाली ठेवल्यावर लगेच निघू नये. दहा मिनिटे बसावे, गोळ्या किती उरल्या आहेत ते विचारावे, संपत आल्या असतील तर कामावर जाणाऱ्या त्या माणसाऐवजी आपण दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे. कारावायोच्या टेकड्यांवर तेथल्या स्त्रियांनी याहून वेगळे काही केले नव्हते.